सहकारी बँकेतली ठेव: पाच लाखांची रेघ कुठे आखायची

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला काढता येत होते फक्त १,००० रुपये. त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या अहवालात ढोबळ एनपीए (थकीत, बुडीत कर्जांचं प्रमाण) ३.७६ टक्के छापलेला होता, म्हणजे तब्येत ठणठणीत! प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेलं होतं. तेव्हा अहवाल जरूर वाचा, पण पैसे ठेवताना हिशेब विम्याचा करा.

बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला पैसे देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचं आहे (त्याआधी १९९३ पासून १ लाखच होतं). इथे बहुतेकांची गल्लत होते ती अशी: हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. पाच पावत्या केल्या, त्या दादर, ठाणे, पुण्यात वाटल्या, प्रत्येकीवर वेगळा वारस लावला, तरी मर्यादा एकच. साडेसात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ४ लाख तीन वर्षांत जवळपास ४,९९,९०० होतात. त्यात बचत खात्यातले २० हजार मिळवले की रेघ ओलांडलीच. म्हणून पुनर्गुंतवणुकीची (व्याज मुद्दलातच साठत जाणारी) पावती करायची तर साडेतीन लाखांवर थांबा. व्याज दर तिमाहीला दुसऱ्या बँकेत वळवत असाल तर साडेचार चालतील.

मर्यादा वेगळी मिळते ती खात्याची मालकी बदलली तर. नवऱ्याचं एकट्याचं, बायकोचं एकटीचं आणि दोघांचं संयुक्त, ही तीन वेगळी खाती धरली जातात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा केला तरी ते वेगळंच. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातं मात्र मालकाच्या वैयक्तिक ठेवीतच मोजतात. व्यापारी इथेच फसतात. त्याच बँकेचं कर्ज असेल तर ते आधी वजा होतं. आणि पतसंस्थेला हा विमा नाहीच, पाटीवर काहीही रंगवलेलं असो.

निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळायला हवेत: पहिले ४५ दिवस बँकेने यादी द्यायला, पुढचे ४५ तपासणी आणि वाटपाला. विलीनीकरणाची बोलणी सुरू असली तर मुदत आणखी ९० दिवस लांबू शकते. केवायसी अर्धवट असेल किंवा पैसे वळते करायला दुसऱ्या बँकेतलं खातं दिलेलं नसेल, तर रक्कम अडकते. हे कागद आजच पुरे करा. घरहप्ता, विम्याचा हप्ता आणि सहा महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत हवा, कारण गोठलेल्या खात्यातून हप्ता वळता झाला नाही तर दंड कर्जदारालाच बसतो.

अहवालात काय पाहायचं? निव्वळ एनपीए (तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं) ६ टक्क्यांवर, सलग दोन वर्षं तोटा, किंवा भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) ९ टक्क्यांखाली असेल तर मुदत संपताच पावती मोडा, नूतनीकरण नको. आणि शेजारची बँक देते त्याहून दीड-दोन टक्के जास्त व्याज मिळत असेल, तर त्या बँकेला पैशांची एवढी घाई का, हे आधी विचारा.