करोडपतीच्या खुर्चीत बसण्याआधी : या चुका टाळा

यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण. महाराष्ट्राच्या या चार मुख्यमंत्र्यांचा क्रम मला झोपेतून उठवून विचारला असता, तरी सांगता आला असता. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेत दहा स्पर्धकांमध्ये मी बसलो होतो आणि नेमका हाच प्रश्न आला. फक्त त्याच्या शेवटी ‘सर्वांत अलीकडच्यापासून सुरुवात करून’ असे शब्द होते. ते कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत. बोट थेट यशवंतरावांवर गेलं. संध्याकाळी परतीच्या एसटीत मी तो प्रश्न किती वेळा मनात वाचला असेल, सांगता येत नाही.

तेव्हापासून आमच्या भागातून ‘कौन बनेगा करोडपती’ किंवा मराठीतल्या ‘कोण होणार करोडपती’ची तयारी करणारे लोक माझ्याकडे येऊन बसतात. सगळ्यांच्या हातात सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक असतं. वाचन हवंच, त्याला पर्याय नाही. पण मी पाहिलेले बहुतेक जण ज्ञान कमी पडलं म्हणून बाहेर पडले नाहीत. जे निर्णय घरी, शांतपणे घ्यायला हवे होते, ते त्यांनी त्या झगमगाटात घेतले, म्हणून बाहेर पडले.

बोट आधी, डोकं नंतर

फास्टेस्ट फिंगरमध्ये चार पर्याय क्रमाने लावायचे असतात आणि उत्तर बरोबर देणाऱ्यांत जो सर्वांत जलद, तो हॉटसीटवर जातो. इथे सगळे वेगाच्या मागे लागतात. खरं तर दहातले तीन-चार जण चुकीच्या क्रमामुळेच बाद होतात, त्यामुळे बरोबर उत्तर देणाऱ्याची निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते. प्रश्नातला दिशा सांगणारा शब्द आधी पकडा : चढता की उतरता, उत्तरेकडून की दक्षिणेकडून, जुन्यापासून की नव्यापासून. मग पहिला आणि शेवटचा पर्याय पक्का करा. मधले दोन आपोआप सुटे होतात.

याचा सराव वाचून होत नाही, हाताने करावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या एका अंगणवाडी सेविका ताईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार वाट्या उपड्या ठेवल्या आणि प्रत्येकीवर खडूने अ, ब, क, ड लिहिलं. मुलगी प्रश्न वाचायची : ‘मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाताना कोणतं स्टेशन आधी लागेल? भुसावळ, वर्धा, नाशिक, अकोला.’ ताई वाट्यांवर क्रमाने टिचकी मारायच्या : क, अ, ड, ब. मुलगी मोबाईलवर सेकंद मोजायची. पहिल्या दिवशी चौदा सेकंद लागले, तीन आठवड्यांनी सहा. त्या सहांतले तीन सेकंद त्या काहीच करायच्या नाहीत, फक्त प्रश्न शेवटपर्यंत ऐकायच्या. मला तेच सगळ्यात आवडलं.

हिंदीचा अंदाज चुकतो

हिंदी आपल्याला येतेच, असं आपण मराठी माणसं गृहीत धरतो. सिनेमा पाहण्यापुरती ती येते. पण प्रश्नात ‘शिक्षा’ आली की आपल्या डोक्यात दंड येतो, आणि तिथे अर्थ असतो शिक्षण. ‘चेष्टा’ म्हणजे तिथे प्रयत्न. ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. ‘उपन्यास’ ऐकल्यावर कादंबरी आठवायला एक सेकंद जास्त लागतो.

त्याहून मोठा घोटाळा आकड्यांचा. ‘उनहत्तर’ म्हणजे एकोणसत्तर आणि ‘उन्यासी’ म्हणजे एकोणऐंशी. घाईत हे दोन अदलाबदल झाले की अख्खं दशक चुकतं. पडद्यावर आकडा दिसतो हे खरं, पण ताणात असलेला माणूस आधी कानाने ऐकतो. एक ते शंभर हिंदी आकडे महिनाभर रोज मोठ्याने म्हणा. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या सगळ्या ‘एकोण’वाल्यांवर विशेष लक्ष द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ऑडिशन आणि कागदपत्रं

नोंदणीच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देणाऱ्यांतून संगणक निवड करतो. मग फोनवर प्रश्न येतात, त्यानंतर ऑडिशनला बोलावणं येतं. तिथे चाचणी आणि मुलाखत होते. मुलाखतीत लोक दोन टोकांना जातात. काही जण एका शब्दात उत्तरं देतात, तर काही जण दुःखाची कहाणी रंगवून सांगतात. समोरच्यांनी अशी शेकडो माणसं पाहिलेली असतात, बनाव त्यांना लगेच कळतो. अमरावती जिल्ह्यातल्या बबीता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्यांनी १ कोटी जिंकले. ‘मी खिचडी शिजवते’ हे त्यांनी जितक्या सरळपणे सांगितलं, तितक्या सरळपणे तुम्हीही तुमचं काम सांगा. पैशांचं काय करणार, या प्रश्नावर ‘मुलांचं शिक्षण’ हे उत्तर सगळेच देतात. कोणतं शिक्षण, कुठे, किती खर्चाचं, हे सांगणारा लक्षात राहतो.

कागदपत्रांकडे बायकांनी जास्त लक्ष द्यावं, असं मी मुद्दाम म्हणतो. पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच काहीतरी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. बोलावणं आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच तिन्ही ठिकाणचं नाव एक करून घ्या. करारनामा इंग्रजीत असला, तर सही करण्याआधी ज्याला कळतं त्याच्याकडून वाचून घ्या. प्रसारण होईपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही, ही अट सहसा असतेच. ती नवराबायकोलाच नव्हे, तर घरातल्या उत्साही भाच्यालाही नीट समजावून सांगा.

याच टप्प्यावर एक धोका आहे. ‘तुम्हाला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली आहे’ असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश अनेक वर्षं फिरताहेत, बऱ्याचदा +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून. आधी ‘प्रोसेसिंग फी’, मग ‘टॅक्स’, मग ‘बँक चार्ज’ असं करत ते माणसाला लुबाडतात. नोंदणी केलेला माणूस तर फोनची वाट पाहतच असतो, म्हणून तोच आधी फसतो. खेळात भाग घेण्यासाठी कुणी पैसे मागितले, की तो फोन खोटा समजायचा आणि ठेवून द्यायचा. पैसे गेलेच, तर तासाभरातच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

लाइफलाइन वाया घालवू नका

प्रश्न अडला की मदतीसाठी फोन लावायला आपण मान द्यायच्या माणसांची नावं देतो. थोरले काका, मुख्याध्यापक, गावातले वकीलसाहेब. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. कृपा करून हे करू नका. काकांचा मान घरी, जेवणाच्या पंगतीत राखा. फोनवर हवा तो माणूस, जो ‘मला माहीत नाही’ हे तीन सेकंदांत सांगू शकतो. एक जण पुराण-इतिहासाचा असावा, एक खेळ-सिनेमाचा, एक विज्ञान-चालू घडामोडींचा. तिघांच्याही घरी त्या दिवशी रेंज असावी.

वेळ ३० सेकंदांचा धरून सराव करा. आम्ही घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा एका हुशार मुलाचे एकोणीस सेकंद नुसता प्रश्न वाचण्यात गेले, कारण त्याने प्रश्न जसाच्या तसा वाचला. प्रश्न तोडून सांगायला शिका : ‘पहिली भारतीय महिला राज्यपाल कोण?’ एवढं पुरतं. मग चार नावं. मित्राने उत्तराबरोबर खात्री किती तेही सांगायचं : पूर्ण, निम्मी की अंदाज. हे आधीच ठरलेलं असलं, म्हणजे त्याचा आवाज कसा होता यावरून तर्क करत बसावं लागत नाही.

प्रेक्षकांचा कौल लोक शेवटासाठी राखून ठेवतात, ही उलटी चाल आहे. याच खेळाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीची आकडेवारी तपासली, तेव्हा प्रेक्षक ९१ टक्के वेळा बरोबर निघाले होते आणि फोनवरचे मित्र सुमारे ६५ टक्के. त्यात प्रेक्षकांना सोपे प्रश्न येतात, हा भाग आहेच. पण नेमका तोच मुद्दा आहे : सिनेमा, क्रिकेट, स्वयंपाक, सणवार यांवर अडलात तर सभागृह तुम्हाला तारेल, पण एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सालावर ते तुमच्याइतकंच अंधारात असेल. आणि कौल घेण्याआधी ‘मला ब वाटतंय’ असं बोलून जाऊ नका. बोललात की निम्मे लोक ब दाबतात, आणि तुम्हाला तुमचाच अंदाज आकड्यांच्या वेषात परत मिळतो.

कुठे थांबायचं, हे घरी ठरवा

इथे खरे पैसे जातात, म्हणून जरा बैजवार सांगतो. या खेळाची वर्षानुवर्षं चाललेली शिडी अशी होती : दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजारांचा पडाव, मग ६ लाख ४० हजार, साडेबारा लाख, २५ लाख, ५० लाख, १ कोटी. पर्वागणिक रकमा बदलतात, तुमच्या पर्वाची शिडी तुम्ही पाहून घ्या. हिशोबाची रीत मात्र तीच राहते.

पडाव ओलांडल्यावरचा पहिला प्रश्न, म्हणजे ६ लाख ४० हजारांचा. इथे चुकलात तरी ३ लाख २० हजार हातात राहतात, सोडलात तरी तेवढेच. म्हणजे न खेळता उठणं हा निव्वळ तोटा आहे. तरीही घाबरून इथे खेळ सोडणारी माणसं असतात, आणि ते पाहताना जीव तुटतो.

पुढच्या, साडेबारा लाखांच्या प्रश्नाला गणित बदलतं. सोडलं तर ६ लाख ४० हजार नक्की. चुकलं तर त्यातले ३ लाख २० हजार जातात, बरोबर आलं तर ६ लाख १० हजार वाढतात. कागदावर मांडून पाहिलं, तर साधारण ३५ टक्के खात्री असली की खेळणं परवडतं. चारांतून डोळे मिटून एक निवडण्यात २५ टक्केच असतात, ते परवडत नाही. दोनच पर्याय उरले असतील तर परवडतं. २५ लाखांसाठी हीच खात्री ४३ टक्क्यांच्या आसपास लागते, ५० लाखांसाठी ४७, कोटीसाठी ४८. वर जाल तसा अंदाज महाग होत जातो.

अर्थात, माणूस म्हणजे कागद नव्हे. घरावर कर्ज असेल आणि २५ लाखांत ते फिटत असेल, तर ५० लाखांसाठी नाणेफेक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांसोबत बसून एक रकम ठरवा : या आकड्याच्या वर पूर्ण खात्रीशिवाय खेळायचं नाही. ती चिठ्ठीवर लिहा आणि सोबत येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. टाळ्या वाजत असताना हे ठरवता येत नाही.

जिंकलेले पैसे पूर्ण तुमचे नसतात

बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो. घरात बसून असलेल्या गृहिणीलाही लागतो, मूळ सवलतीची मर्यादा इथे चालत नाही, विम्याचे हप्ते दाखवून तो कमी होत नाही. २५ लाख जिंकलात तर साडेसात लाख आधीच कापून येतात. पण करावर ४ टक्के उपकर असतो, तो कापलेला नसतो. ते ३० हजार विवरणपत्र भरताना तुम्हालाच भरायचे. म्हणजे हाती १७ लाख २० हजार.

कोटीला हा फरक मोठा होतो. खात्यात ७० लाख येतात आणि माणूस ते ७० लाख आपले धरून चालतो. पण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के अधिभार आणि त्या दोन्हींवर उपकर लागतो. दुसरं काहीही उत्पन्न नसलं, तरी एकूण कर ३४ लाख ३२ हजार होतो. कापलेले ३० लाख वजा केले, तर अजून ४ लाख ३२ हजार देणं उरतं. तोपर्यंत प्लॉटचा विसार दिलेला असतो, बहिणीच्या लग्नाचा हॉल ठरलेला असतो. गाडी किंवा दागिन्याच्या रूपाने बक्षीस मिळालं, तर ती वस्तू ताब्यात येण्याआधी तिच्यावरचा कर भरला गेलेला असावा लागतो, म्हणजे गाडी घरी आणायलाही रोकड हवी.

बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ मध्ये ५ कोटी जिंकले. २०२० मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं, की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता. देणग्यांसाठी लोक येत राहिले, काहींनी फसवलं, घरचे संबंध ताणले गेले. त्यांनी हे इतक्या मोकळेपणाने सांगितलं, हे आपल्यावर उपकारच आहेत. प्रसारणाच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्याही ओटीवर माणसं बसलेली असतील. त्यातली काही खरोखर गरजू असतील, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. रकम खात्यात जमा झाली की त्याच दिवशी सीएकडे जा, उरलेला कर किती ते विचारा आणि तेवढ्याची वेगळी मुदत ठेव करा. बाकीच्या पैशांना निदान सहा महिने हात लावायचा नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला एकाच शब्दांत सांगा : ‘सहा महिन्यांनी बोलू.’