डबल मार्करचा अर्ज भरताना

गर्भाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती, हे सांगणारी डबल मार्कर ही रक्तचाचणी 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस या काळात, शक्यतो एनटी सोनोग्राफीसोबत (गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) करतात. मेळघाटातून किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांतून सोनोग्राफीसाठी दूर जावे लागते. म्हणून पाळी चुकताच आशाताईंकडे नोंदणी करून जाण्याचा दिवस आधीच ठरवावा.

रक्तासोबत जाणारा अर्ज रक्ताइतकाच महत्त्वाचा असतो, आणि दुर्लक्ष नेमके त्याकडेच होते. त्यात वंशाचा रकाना असतो. तिथे जात किंवा जमात लिहायची नसते. स्त्री गोंड असो, कोरकू असो वा कुणबी, ‘दक्षिण आशियाई’ किंवा ‘भारतीय’ हाच पर्याय निवडावा, आणि नुसते ‘आशियाई’ छापलेले असेल तर त्याचा अर्थ प्रयोगशाळेला विचारून घ्यावा. याचे कारण असे की, या चाचणीत मोजल्या जाणाऱ्या पॅप-ए आणि बीटा एचसीजी या घटकांची नेहमीची पातळी वंशानुसार बदलते. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत पॅप-ए गोऱ्या युरोपीय स्त्रियांपेक्षा बरेच जास्त असते. गर्भाला डाऊन सिंड्रोम असल्यास ते घटते, त्यामुळे अशा स्त्रीला युरोपीय मापाने मोजले तर खरा धोका झाकला जाऊ शकतो. भारतीय स्त्रियांतला फरक इतका मोठा नसला, तरी तो हिशेबात धरावाच लागतो. डाऊन सिंड्रोमची शक्यता मात्र मुख्यतः आईच्या वयाबरोबर वाढते, हे घरच्यांना आवर्जून सांगावे.

वजन त्याच दिवशी काट्यावर करून लिहावे. आपल्याकडे चाळीस किलोच्या गर्भवती कमी नाहीत, आणि सडपातळ शरीरात रक्ताचे प्रमाण कमी असल्याने हे घटक अधिक दाट दिसतात. पाळीची तारीख ‘पोळ्यानंतर चार दिवसांनी’ अशी आठवत असेल, तर ती कॅलेंडरवर शोधून लिहावी. दिवसांचा अंतिम हिशेब सोनोग्राफीत मोजलेल्या गर्भाच्या लांबीवरूनच व्हावा. जुळे किंवा मधुमेह असल्यास तेही नोंदवावे.

अहवालात 200 पैकी 1 असे आले, तर तशा दोनशे गर्भवतींपैकी सुमारे 199 जणींच्या बाळाला तो दोष नसतो. निदान पक्के होते ते पुढे, 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासून. त्याआधी कोणताही निर्णय घेऊ नये.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डबल मार्करमध्ये कळत नाही. त्यासाठी पती-पत्नी दोघांच्याही रक्ताची वेगळी तपासणी करून घ्यावी.