जुना ‘सुपरमॅन’ पुन्हा कसा पाहावा

लहानपणी आवडलेला सिनेमा वीस-पंचवीस वर्षांनी लावला की बहुतेक वेळा दोहोंपैकी एक होतं. आपण आठवणींतच रमतो आणि समोर काय चाललंय ते बघतच नाही, नाहीतर पंधरा मिनिटांत ‘फारच जुनं वाटतंय’ म्हणून बंद करून टाकतो. दोन्ही वेळा सिनेमा पाहायचा राहून जातो. १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’च्या बाबतीत माझं दोन्ही झालंय. रिचर्ड डोनर यांचा, ख्रिस्तोफर रीव्ह यांनी साकारलेला तो सिनेमा. शेवटी एकदा नीट ठरवून, सवड काढून पाहिला, तेव्हा त्याच्याबद्दलचं माझं मत बरंच बदललं. ज्या क्रमाने मी पाहिला तोच इथे सांगते. इतर जुन्या सिनेमांनाही ही पद्धत चालेल, पण उदाहरण याच एकाचं घेते, कारण हा मला चांगला ठाऊक आहे.

आधी आठवण कागदावर उतरवा

सिनेमा लावण्याआधी पाच मिनिटं काढा आणि त्यातलं काय काय आठवतं ते लिहा. माहिती शोधायची नाही, कुणाला विचारायचं नाही. माझ्या कागदावर तीन गोष्टी आल्या: इमारतीच्या गच्चीवरून लोंबकळणारं हेलिकॉप्टर, बर्फातला पांढरा महाल, आणि शेवटी पृथ्वीला उलटं फिरवणं. त्यापुढे मी लिहिलं होतं, ‘शेवट अगदीच पोरकट’. सुट्टीत केबलवर पाहिलेल्या सिनेमातलं एवढंच उरलं होतं. हा कागद जपून ठेवा, नंतर लागेल. त्यावर जे नाही तेही महत्त्वाचं असतं. माझ्या कागदावर गव्हाचं शेत नव्हतं आणि वडिलांचा मृत्यूही नव्हता.

कोणती प्रत पाहायची ते ठरवा

थिएटरमध्ये लागला तो सिनेमा १४३ मिनिटांचा. पुढे डोनर यांच्या देखरेखीखाली वाढवलेली १५१ मिनिटांची आवृत्ती निघाली. टीव्हीसाठी ताणलेली तीन तासांहून मोठी आवृत्तीही आहे. आधी १४३ मिनिटांचीच पाहा. १५१ मिनिटांच्या आवृत्तीत काही प्रसंग खरोखर चांगले आहेत, विशेषतः पहिल्या रात्रीच्या पराक्रमांनंतर सुपरमॅनचे जन्मदाते वडील जोर-एल मुलाला अहंकाराबद्दल समज देतात तो. पण तिच्यात ध्वनीवर नव्याने काम झालं आहे. पुनर्मूल्यांकन करायचं तर प्रेक्षकांसमोर आधी आलेल्या रूपाचं करावं.

याहून महत्त्वाचं म्हणजे चित्राची रुंदी. हा सिनेमा रुंद पडद्यासाठी चित्रित झालाय. जुन्या टीव्हीवर दाखवताना दोन्ही बाजू कापल्या जायच्या, म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी त्याचा मधला तुकडाच पाहिलेला असतो. सुरुवात बघा: पडदा सरकतो, अरुंद चौकटीत कृष्णधवल चित्र, जून १९३८, एक मूल कॉमिकची पानं उलटत वाचतंय. मग एकदम चौकट फुटते, अवकाश उघडतं आणि श्रेयनामावलीची अक्षरं आपल्या अंगावरून झेपावत जातात. १९३८ हेच साल जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तेव्हाचं. कागदावरून पडद्यावर येणारी ही उडी कापलेल्या चित्रात कळतच नाही.

पहिल्यांदा सलग पाहा, पुढे ढकलू नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे. निळा-लाल पोशाख घातलेला रीव्ह पहिल्यांदा दिसतो तोवर पाऊण तास उलटून गेलेला असतो. हेलिकॉप्टरचा प्रसंग त्याच्याही नंतर. आजच्या सवयीने बोट आपोआप पुढे ढकलायच्या बटणाकडे जातं. ते आवरा, कारण या सिनेमाचं मोठेपण त्या पाऊण तासातच आहे असं माझं ठाम मत झालंय.

सिनेमाचे तीन भाग आहेत आणि ते तीन वेगळ्या सिनेमांसारखे दिसतात. क्रिप्टॉन, म्हणजे सुपरमॅनचा जन्मग्रह, थंड, पांढरं, काचेसारखं. तिथली माणसं शब्द मोजून बोलतात. स्मॉलव्हिल, पृथ्वीवर तो वाढतो ते गाव: सोनेरी, मोठं आभाळ, बुटकी घरं, हळू चालणारी माणसं. ही अमेरिकेतली गावं चित्रित झाली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात. मग मेट्रोपोलिस शहर: वृत्तपत्राच्या कचेरीचं दालन, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं, धावपळ. पाहताना एवढंच टिपा: रंग कुठे बदलला, माणसांचा बोलण्याचा वेग कुठे बदलला. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच, १९७८च्या ऑक्टोबरमध्ये वारले. सिनेमा त्यांना अर्पण केलेला आहे. स्मॉलव्हिलमधली पहाट पाहिली की ती अर्पणपत्रिका मनापासून पटते.

या भागात ग्लेन फोर्ड हा दत्तक वडिलांच्या भूमिकेत मोजकी मिनिटंच आहे. मुलगा चिडलाय, अंगात एवढी ताकद असून ती दाखवता येत नाही म्हणून. वडील त्याला सांगतात की तू इथे काहीतरी कारणासाठी आला आहेस, कोणाच्या ते मला माहीत नाही, पण खेळात गुण मिळवण्यासाठी नक्कीच नाही. मग दोघं घराकडे शर्यत लावतात, आणि वडिलांचा हात छातीशी जातो. किंकाळी नाही, उपदेश नाही. पुढच्या दृश्यात दफनभूमीवर मुलगा म्हणतो, एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटाचा सगळा निवाडा यावर अवलंबून आहे.

मग तंत्र समजून घ्या

पहिलं पाहणं झाल्यावरच हे वाचा, आधी नको, नाहीतर सगळा वेळ आपण नटाला टांगणाऱ्या तारा शोधत बसतो.

संगणकीय दृश्यं नव्हती, तेव्हा माणूस उडतो हे पटवायचं होतं. त्यासाठी वापरलेल्या युक्त्यांपैकी सर्वांत सुंदर झोरान पेरिसिच यांची. अभिनेत्यामागे एक खास पडदा असतो, बारीक काचमण्यांचा, जो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. कॅमेरा आणि प्रक्षेपक अर्धपारदर्शक आरशामुळे एकाच रेषेत येतात. पेरिसिच यांनी दोन्हींना झूम भिंग लावून ती एकमेकांशी जुळवली. दोन्ही एकदमच आत जातात, त्यामुळे मागचं आभाळ तेवढंच राहतं आणि समोरचा माणूस मोठा होत जातो. माणूस जागेवरच टांगलेला, पण आपल्याला तो झेपावत येताना दिसतो. क्रिप्टॉनच्या लोकांचे झगमगणारे कपडेही याच जातीच्या, प्रकाश परतवणाऱ्या कापडाचे होते. हे कळल्यावर ती दोन दृश्यं पुन्हा पाहा. अशा कामासाठी सिनेमाला विशेष ऑस्कर मिळालं, आणि ते त्याने कमावलेलं आहे.

आता आवाज बंद करा

हेलिकॉप्टरचा प्रसंग आणि त्यानंतरचा वार्ताहर लोइसच्या घराचा प्रसंग, एवढेच दोन पुन्हा लावा. आवाज पूर्ण बंद. फक्त रीव्हकडे पाहा.

एरवी सुपरमॅन क्लार्क या नावाने साधा माणूस म्हणून वावरतो; नुसता चश्मा लावला की ओळख लपते, यावर लोक हसत आले आहेत. मीही हसले आहे. आवाज बंद केल्यावर कळतं की लपवण्याचं काम चश्मा करतच नाही. क्लार्कचे खांदे पुढे झुकलेले, मान आखडलेली, हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेले. सुपरमॅनचा भांगसुद्धा उलट्या बाजूला. लोइसच्या घरात ती आतल्या खोलीत जाते आणि क्लार्क तिला सत्य सांगायचं ठरवतो. चश्मा काढतो, पाठ सरळ होते, छाती भरते, आणि त्याच माणसाच्या जागी दुसरा उभा राहतो. मग धीर सुटतो, चश्मा परत नाकावर, आणि तो पुन्हा आक्रसतो. मध्ये कट नाही, कुठलीही यांत्रिक करामत नाही. मी हा तुकडा पाच वेळा पाहिला. माझ्या लेखी सिनेमातला सर्वांत मोठा चमत्कार हाच.

भूमिका मिळाली तेव्हा रीव्ह चोवीस वर्षांचे होते. श्रेयनामावलीत आधी मार्लन ब्रँडो, मग जीन हॅकमन, त्यानंतर ते. इथे एक काळजी घ्यायला हवी. १९९५ साली घोड्यावरून पडून रीव्ह यांना मानेखाली पक्षाघात झाला आणि २००४ साली ते गेले. ते आठवलं की उडणाऱ्या रीव्हकडे पाहताना डोळे भरून येतात. ते भरू द्या. पण त्या हळहळीचे गुण सिनेमाच्या खात्यात जमा करू नका. आवाज बंद करून पाहण्याचा उपयोग इथेही होतो: जे दिसतं ते १९७८ साली केलेलं काम आहे.

आता आवाज चालू करून हेलिकॉप्टर पुन्हा. ‘घाबरू नका, मी तुम्हाला धरलंय’ यावर लोइस विचारते, ‘तुम्ही मला धरलंय, मग तुम्हाला कोणी धरलंय?’ मार्गो किडर हे वाक्य खऱ्या भीतीने म्हणते, म्हणून हसू येतं. आणि जॉन विल्यम्स यांचं संगीत नेमकं कधी उसळतं, कधी थांबून राहतं, तेही ऐका.

खटकलेलं वेगवेगळ्या पिशव्यांत टाका

जे खटकेल ते सगळं लिहा, पण एकाच यादीत नको. धरण फुटतं तेव्हा ते छोटं प्रतिरूप आहे हे पाण्याच्या थेंबांवरून कळतं. ही साधनांची मर्यादा झाली, ती माफ. खलनायक लेक्स लूथरची सहकारी मिस टेशमाकर हिला रस्त्यावर बेशुद्ध पडल्याचं नाटक करायला लावतात आणि सैनिक तिच्याभोवती चावट बोलतात. ते तेव्हा विनोद म्हणून खपलं, आज पाहवत नाही आणि मी ते माफ करत नाही. उडताना लोइसच्या मनातले विचार कवितेसारखे ऐकू येतात, ते लिहिण्यातच चुकलं आहे. रीव्ह आणि किडर यांचे चेहरे जे सांगत होते तेच शब्द पुन्हा सांगतात.

लूथरचा प्रश्न कठीण आहे. हॅकमन मोठे नट, पण त्यांचा अड्डा आणि त्यांचा बावळट साथीदार ओटिस एका वेगळ्याच, हलक्याफुलक्या सिनेमातून आल्यासारखे वाटतात. स्मॉलव्हिलच्या त्या दफनभूमीनंतर हा सूर मला अजूनही पेलत नाही.

सुरुवातीला शिक्षा होणारे झॉड आणि त्याचे दोघं साथीदार पुन्हा दिसतच नाहीत, ही चूक समजू नका. पहिल्या आणि दुसऱ्या भागाचं चित्रीकरण एकत्रच सुरू होतं, ते धागे पुढच्यासाठी आहेत.

शेवटाला वेगळा वेळ द्या

माझ्या कागदावर ‘पोरकट’ लिहिलं होतं तो हाच शेवट. कॅलिफोर्नियात भूकंप होतो, लोइसची गाडी भेगेत अडकते, ती मातीखाली गुदमरून मरते आणि सुपरमॅन पृथ्वीला उलटं फिरवून काळ मागे नेतो. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी ठरला होता, तो इथे आणला गेला.

पण ती मरते का, ते बघा. लूथरने वळवलेली दोन क्षेपणास्त्रं सुटली आहेत, आणि सुपरमॅन त्याच्या कैदेत आहे. मिस टेशमाकर त्याला सोडवते ती एका अटीवर: आधी न्यू जर्सीकडे जाणारं अडवायचं, कारण तिची आई तिथे राहते. तो शब्द देतो आणि पाळतो. म्हणून कॅलिफोर्नियाकडे जाणारं दुसरं अडवायला उशीर होतो आणि भूकंप होतो. लोइस त्याच्या खरेपणामुळे जाते. आभाळात तो एकटा असताना दोन वडिलांचे आवाज कानात घुमतात. एक म्हणतो, माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करायला तुला मनाई आहे. दुसरा म्हणतो, तू इथे काहीतरी कारणासाठी आहेस. शेतकरी बापाचं तो ऐकतो. दफनभूमीवरचं ते वाक्य या क्षणी परत येतं.

म्हणून माझं मत असं झालं: प्रश्न योग्य मांडला, उत्तर फुकट दिलं. मनाई मोडण्याची काही किंमत त्याला मोजावी लागत नाही, तिथे सिनेमा कच्चा पडतो. पण पोरकट हा शब्द मी खोडला.

कोणाबरोबर तरी पुन्हा पाहा, आणि मगच लिहा

शेवटचं पाहणं सिनेमा माहीत नसलेल्या, वयाने लहान माणसाबरोबर करा. त्याला आधी काही समजावू नका. कुठे तो फोन हातात घेतो आणि कुठे ठेवून देतो, तेवढं बघा. माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने लूथरच्या अड्ड्यात दोनदा फोन पाहिला, स्मॉलव्हिलमध्ये एकदाही नाही. मला याचं आश्चर्य वाटलं. मग तो जुना कागद काढा, त्याच्याशेजारी नवं मत लिहा, आणि ते लिहून होईपर्यंत दुसऱ्या कोणाचं परीक्षण वाचू नका.

सिनेमा संपल्यावर भाच्याने विचारलं, ‘मावशी, मग त्याने बाबांसाठी पृथ्वी का नाही फिरवली?’ मला सांगता येईना. आम्ही मागे जाऊन दफनभूमीचं दृश्य पुन्हा लावलं.