रेग्युलेटरला बाईकचे पाने लावताय? या चुका टाळा

सोलापुरात डायव्हिंगचं दुकान हाताशी नाही, त्यामुळे रेग्युलेटरची (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) होज, म्हणजे नळी, बदलायची म्हटलं की आपण सरळ बाईकची पानापेटी उघडतो. मीपण तेच केलं, 14 चा पाना बसेना म्हणून स्क्रू पाना लावला, तो घसरला, नटाचे कोपरे गोल झाले आणि क्रोम उडून आतलं पितळ दिसायला लागलं. पितळ मऊ असतं हो, त्याला स्क्रू पाना आणि पक्कड दोन्ही लावूच नका.

खरी चूक मापाची होती. बऱ्याच होजचे नट इंचात असतात. लो प्रेशर होज (कमी दाबाची हवा तोंडाकडं नेणारी) फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, जोडतो तिथं बहुतेक वेळा 9/16 लागतो, म्हणजे आपल्या लूमवरचे जॉबर म्हणतात तसा साडेचार सुताचा पाना. हे होतात 14.29 एमएम, म्हणून 14 चढत नाही आणि 15 ढिला पडतो. हाय प्रेशर होजला (प्रेशर गेजकडं जाणारी) 5/8 असेल, पाच सूत, तर तिथं 16 चालून जातो. सेकंड स्टेजकडं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाकडं, 11/16 असला तर 17 लहान आणि 18 सैल. कंपनीप्रमाणं माप बदलतं, म्हणून आधी व्हर्नियरनं मोजा आणि मगच पाना घ्या. घेताना फिक्स पानाच घ्या, पातळ तोंडाचा, कारण होज एकमेकींना खेटून असतात आणि रिंग पाना होजवरून आत जातच नाही.

दुसरं, ताकद लावून आवळणं. इथं हवा ओ-रिंग (खाचेत बसणारी रबरी गोल रिंग) अडवते, आटे नाही, त्यामुळे हातानं पूर्ण फिरवून शेवटी पान्यानं हलकंच टाइट करायचं. गळतंय तर अजून आवळू नका, टेफ्लॉन टेप तर अजिबात नको, ओ-रिंग काढून बघा चिरलीय का. ती काढायला सुई किंवा स्टीलचा हूक घेतला तर खाचेत ओरखडा पडतो आणि मग नवी रिंगसुद्धा गळते. प्लास्टिकचा किंवा पितळेचा हूक घ्या.

सेकंड स्टेजची होज सोडवताना दोन पाने लागतात, एकानं आतला फिटिंग धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं होजचा नट फिरवायचा, नाहीतर फिटिंगच फिरतो आणि सेटिंग बिघडतं.

आणि सिलिंडर जोडलेला असेल तर व्हॉल्व्ह बंद करून सेकंड स्टेजचं पर्ज बटण (हवा सोडायचं) दाबून सगळी हवा सोडल्याशिवाय पाना लावायचाच नाही, आत 200 बार असतात!

फर्स्ट स्टेज घरी खोलू नका, ते काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं. होज बसवून झाली की फर्स्ट स्टेजच्या तोंडावर डस्ट कॅप (धूळ अडवणारं झाकण) घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढून बघा, लगेच अडकली पाहिजे. येतच राहिली तर कुठंतरी गळतंय, ते मालवणच्या बोटीवर कळण्यापेक्षा इथंच शोधा.