बडोद्याहून एका दिवसात अहमदाबाद: कुटुंबासह आणि बेताच्या खर्चात

बडोद्याहून अहमदाबाद रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर आहे. सकाळी निघून रात्री घरी परतता येते, म्हणून ही सहल बहुतेक घरांत आदल्या रात्री ठरते आणि दुसऱ्या दिवशी खर्चाचा आकडा पाहून सगळे चकित होतात. रेल्वेच्या तिकिटाचा वाटा त्यात थोडाच असतो. पैसे जातात ते शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षाने घातलेल्या येरझाऱ्यांत. रिक्षात नियमाने तीनच प्रवासी बसतात, त्यामुळे आजी-आजोबांसह पाच जणांच्या कुटुंबाला दर वेळी दोन रिक्षा कराव्या लागतात. म्हणून काय पाहायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचे हे आधी ठरवावे.

त्याआधी वार ठरवावा. सोमवारी कांकरिया तलावाचा परिसर आणि तेथील प्राणिसंग्रहालय बंद असते. आम्ही एकदा मुलांना घेऊन नेमके सोमवारीच तेथे पोहोचलो होतो आणि बंद दारासमोर त्यांची समजूत काढता काढता आइस्क्रीमवर बराच खर्च झाला. जामा मशीद पाहायची असल्यास शुक्रवारची दुपार टाळावी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कांकरियाला उत्सव असल्याने मोठी गर्दी उसळते. मे महिन्यात वृद्धांना घेऊन पायी हिंडण्याचा बेत मुळीच करू नये.

तिकिटाबाबत काही नियम माहीत असले की पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अनारक्षित डब्यात अर्धे तिकीट पुरते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा आजी-आजोबांचे पूर्ण भाडे धरावे. सुपरफास्ट गाडीने जायचे असल्यास साध्या एक्स्प्रेसचे तिकीट चालत नाही. दुसऱ्या वर्गासाठी माणशी पंधरा रुपये अधिभार भरावा लागतो. एवढ्या अंतराचे अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवण्यात अर्थ नसतो. मोबाइलवर तिकीट काढले असेल, तर ते ज्या फोनवर काढले तोच फोन संध्याकाळपर्यंत चालू राहिला पाहिजे. मुलांच्या हातात तो देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. कामाच्या दिवशी सकाळच्या गाड्यांना अपडाऊन करणाऱ्यांची गर्दी असते. लहान मूल किंवा वृद्ध सोबत असल्यास जाताना तरी आरक्षण करावे, ती काटकसर करण्याची जागा नव्हे.

उतरायचे कोठे, हे गाडीत बसण्यापूर्वी ठरलेले असावे. बडोद्याकडून जाताना कालूपुरच्या, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्थानकाच्या, आधी मणिनगर स्थानक लागते आणि कांकरिया तेथून जवळ आहे. मुले लहान असतील, तर मणिनगरला थांबणारी गाडी निवडावी आणि सबंध दिवस कांकरियालाच द्यावा. मोठ्या मुलांसह जुने शहर पाहायचे असल्यास कालूपुरला उतरावे. सर्व गाड्या कालूपुरला जात नाहीत, काही अन्य स्थानकांवर थांबतात, म्हणून तिकीट काढतानाच शेवटचे स्थानक वाचावे.

जुन्या शहराचा मार्ग असा आखावा की मागे फिरावे लागणार नाही. कालूपुरच्या स्वामीनारायण मंदिरापासून पोळांच्या, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांच्या, गल्ल्यांतून माणेक चौक आणि १४२४ सालची जामा मशीद, तेथून तीन दरवाजा, भद्राचा किल्ला आणि शेवटी लाल दरवाजाजवळच्या सिदी सैयद मशिदीची कोरीव दगडी जाळी, हा सगळा पल्ला रमतगमत पायी होतो. तीन दरवाजापाशी मराठी माणसाने थोडे थांबावे. १८१७ पर्यंत येथे पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता, आणि १८१२ साली मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी मुलीला वडिलांच्या मालमत्तेत विनाअडथळा वाटा मिळावा, असा देवनागरी लेख या दरवाजावर बसवला. हिंदूने तो मोडल्यास महादेवाला आणि मुसलमानाने मोडल्यास अल्लाला जाब द्यावा लागेल, असेही त्यात बजावले आहे. भद्रातील भद्रकालीचे मंदिरही मराठी अमलातलेच.

हा मार्ग लाल दरवाजाला संपवण्याचे व्यावहारिक कारण असे की महापालिकेच्या बसचे मोठे स्थानक तेथेच आहे आणि साबरमती आश्रमाकडे जाणारी बस तेथून मिळते. आश्रमाला प्रवेशशुल्क नाही, झाडांची सावली आहे, आणि दमलेल्या माणसांना दुपारी नदीकाठी निवांत बसता येते. परतताना आश्रमापासून वाडजच्या मेट्रो स्थानकापर्यंत रिक्षा करावी, ओल्ड हायकोर्टला मेट्रो बदलावी आणि थेट कालूपुर रेल्वे स्थानकाखाली उतरावे. असे केल्यास दिवसभरात रिक्षाचा खर्च एकदाच होतो.

दुपारचे जेवण घरून न्यावे. दशम्या, कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळ हे पदार्थ दिवसभर टिकतात. दहीभात मात्र उन्हात आंबतो. प्रत्येकाच्या हातात आपापली पाण्याची बाटली असावी.

माणेक चौकातील प्रसिद्ध खाऊगल्ली सराफ बाजार बंद झाल्यावर, म्हणजे रात्रीच, भरते. सकाळी तेथून जाताना मुले विचारतील आणि संध्याकाळी पुन्हा हट्ट धरतील. तो पुरवायचा असेल, तर परतीची उशिराची गाडी आणि रात्री बडोदे स्थानकावरून घरी जाण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. नसेल, तर बेत सांगतानाच घरी तसे स्पष्ट करावे.