मुलं ऐकत नाहीत, कारण ती बघत असतात: या चुका टाळा

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. भातुकली रंगात आली होती. बाहुलीला म्हणे भूक लागली होती. मुलीच्या हातात टीव्हीचा रिमोट, नजर रिमोटवर खिळलेली आणि तोंडाने चाललेलं, "हो गं, एक मिनिट. ऐकतेय मी." बाहुली बिचारी उपाशीच. तो वैतागलेला सूर थेट माझा होता. मी तिला शिकवलं होतं ते वेगळंच: कोणी बोलत असलं की त्याच्याकडे बघावं. ते भातुकलीत कुठेच नव्हतं.

सांगितलं म्हणजे शिकवलं, असं समजणं

1970 मध्ये जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक या संशोधकांनी शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खेळात मिळालेल्या बक्षिसातलं काही गरजू मुलांसाठी द्यायचं की सगळं स्वतःकडे ठेवायचं, हे मुलांनी ठरवायचं होतं. त्याआधी त्यांच्यासमोर कोणी दान करावं असं सांगे, कोणी करू नये असं सांगे. आणि प्रत्यक्षात कधी देई, कधी देत नसे. मुलांनी काय दिलं ते समोरच्याने केलेल्या कृतीवर ठरलं. बोलण्याचा परिणाम झाला तो मुलांच्या बोलण्यावर.

म्हणून मूल पाहुण्यांसमोर "खोटं बोलू नये" असं ठणकावून सांगतं आणि संध्याकाळी बिनदिक्कत थाप मारतं, तेव्हा ते बिघडलंय असं समजू नका. त्याने दोन्ही धडे चोख गिरवलेत, एक कानांनी आणि एक डोळ्यांनी. दाराची बेल वाजल्यावर "सांग, आई आंघोळीला गेलीये" हे कोण म्हणालं होतं ते आठवून बघा. उपाय कंटाळवाणा आहे. एकच गोष्ट निवडा, पंधरा दिवस तिच्याबद्दल अवाक्षर काढू नका, फक्त ती करा.

"मोठ्यांचं वेगळं असतं"

काही बाबतीत ते खरंच वेगळं असतं. झोपायच्या वेळा सारख्या नसतात, आणि त्याचं कारण सांगता येतं. पण जेवताना फोन नको हा नियम असेल तर तो सगळ्यांना. कामासाठी फोन घ्यावाच लागला तर मोठ्याने सांगा: "बिल भरतेय, झालं की ठेवते." मुलाला फोनची फक्त पाठ दिसते. तुम्ही बिल भरताय की व्हिडिओ बघताय, हे त्याला कसं कळणार? आणि बिल भरून झालं की फोन खरंच ठेवा, नाहीतर तो माझा "एक मिनिट" होतो.

चूक झाल्यावर काही घडलंच नाही असं वागणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपण ओरडतो, मग मन खातं, मग रात्री जरा जास्त लाड करतो. माफी मात्र राहून जाते. नवरा-बायकोचं भांडण मुलांदेखत होतं आणि समेट बंद दाराआड. मुलांना भांडायचं कसं ते दिसतं, मिटवायचं कसं ते दिसतच नाही. मग भावंडांची जुंपली की ती नेमकी तिथेच अडकतात.

माफी मागायची तर आटोपशीर. "मघाशी मी ओरडले. पाणी सांडलं होतं, त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं. चुकलं माझं." बस्स. पुढे "पण तूही..." आलं की माफीची फिर्याद होते. दुसरं टोकही नको. "मी वाईट आईच आहे" म्हणत रडू आलं की मूल तुमची समजूत काढत बसतं, आणि ते त्याचं काम नाही. त्याने लगेच "असू दे" म्हणावं ही अपेक्षाही सोडा.

सगळं सहज जमतं असं दाखवणं

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रयोगात सव्वा वर्षाच्या आसपासच्या बाळांनी मोठ्या माणसाला खटपट करून डब्यातून खेळणं काढताना पाहिलं. नंतर हातात दिलेल्या खेळण्याचं न चालणारं बटण त्या बाळांनी जास्त वेळा दाबून पाहिलं. ज्यांनी ते पटकन निघताना पाहिलं होतं, त्यांनी लवकर नाद सोडला. तेव्हा घट्ट बसलेलं झाकण उघडत नसेल तर चुपचाप दुसऱ्याकडे देऊ नका, जरा झटापट दिसू द्या.

बदल दिसत नाही म्हणून सोडून देणं

आधी बदलतं ते मुलाचं वागणं नव्हे, तर त्याची पाळत. "आई, तू परत ओरडलीस." इथे "उलट बोलू नकोस" म्हणालात तर पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. मी पहिल्यांदा तसंच म्हणाले होते. दुसऱ्यांदा "हो, ओरडले खरी" एवढंच म्हटलं आणि आवाज खाली आणला. तिने मान डोलावली, अगदी शिक्षिकेच्या थाटात, आणि पुन्हा खेळायला गेली.