मन जड झालंय? खान्देशच्या उन्हातही बसेल असा व्यायाम

वजन उतरायला महिने लागतात; मनाला फरक त्याच दिवशी जाणवू शकतो. वीस-तीस मिनिटं भरभर चाललं की चिडचिड, धास्ती बरीच ओसरते. त्यामुळे रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास बरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, ते गणितही यात बसतं.

मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मिनिटाला साधारण १०० पावलं. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. पहिल्या दिवशी धावायला जातात, धाप लागते, अंग दुखतं आणि चौथ्या दिवशी बूट कोपऱ्यात जातात. एरवीच घाबरल्यासारखं होणाऱ्यांना छातीतली धडधड म्हणजे पुन्हा तीच भीती वाटते. त्यांनी दहा मिनिटं संथ चालावं, मग एक मिनिट भरभर, दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा. वाढलेली धडधड आपोआप उतरते, हे अनुभवातून पटलं की तिची दहशत कमी होते. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ धरा. संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलंच असतं. मेहरूण तलावाचा काठ किंवा गावाबाहेरची मातीची वाट बरी. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्या. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी विचारून. चक्कर, मळमळ आली की थांबा, सावलीत बसा, अंगावर ओलं फडकं ठेवा. बोलणं असंबद्ध झालं तर तडक दवाखाना.

‘दिवसभर कपाशी वेचतो, वर व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. शरीराला कष्ट पुरेसे होतात, पण कामात मर्जी आपली नसते. खेळात ती असते, आणि मनाला बराचसा फायदा तिथून मिळतो. थकलेल्या दिवशी चालणं सोडा, मुलांबरोबर पंधरा मिनिटं लगोरी खेळा.

एकटेपणा सलत असेल तर सांघिक खेळच निवडा. कबड्डीला सात-सात गडी जमले नाहीत तरी चार-चारांत डाव रंगतो, मैदान तेवढं लहान आखा. सोबत्यांना वेळ दिलेली असली की दांडी मारवत नाही. चुकलेल्या गड्यावर ओरडणारा एकजण प्रत्येक संघात असतोच. त्याला पंच करा. दमवणारा खेळ झोपेच्या तासभर आधी थांबवा, नाहीतर डोळ्याला डोळा लागत नाही.

वहीत व्यायामाआधी आणि नंतर मनाला १ ते १० पैकी गुण द्या. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं. चालू गोळ्या व्यायामाच्या भरवशावर परस्पर बंद करू नका.

लग्नसराईत खाडा पडणारच. तेव्हा रोज दहा मिनिटं चाला. मागच्या खाड्यांची भरपाई करायला जाऊ नका.